लेकरू, मोबाइल आणि घराचे वेळापत्रक

मुलाच्या दिवसात झोप, खेळ, जेवण, गप्पा आणि अभ्यास यांचा आपापला वाटा असतो. मोबाइल किंवा टीव्ही या वाट्यांपैकी एखादा खाऊ लागला, की त्याला स्क्रीनचा अतिरेक म्हणावे. नुसती मिनिटे मोजून तो कळत नाही. रात्री दहा तास झोपणारे, संध्याकाळी दमेपर्यंत खेळणारे आणि घरात मनसोक्त बोलणारे आठ वर्षांचे मूल तासभर कार्टून पाहत असेल, तर घाबरण्यासारखे काही नाही. तोच तास झोपेतून, जेवणातून किंवा खेळातून काढलेला असेल, तर तो जास्त आहे.

जालना जिल्ह्यातले, पूर्णा आणि केळणा यांच्या संगमाजवळचे जाफराबाद आणि टेंभुर्णी, माहोरा, वरुड, कुंभारझरी अशी तालुक्यातली गावे मुख्यतः शेतीवर चालतात. कपाशी, सोयाबीन, मका आणि तूर ही इथली पिके. सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी सुरू झाली, की आई-वडील सकाळीच वावरात जातात आणि लहान लेकरू आजीजवळ राहते. आजीचे गुडघे दुखतात, लेकराच्या मागे पळणे तिला होत नाही, म्हणून ते एका जागी बसावे यासाठी त्याच्या हातात मोबाइल दिला जातो. इथे मोबाइलची सवय लाडापेक्षा अडचणीतून लागते. म्हणूनच शहरातल्या पालकांसाठी लिहिलेले ‘मुलाला छंदवर्गाला घाला’ यांसारखे सल्ले इथे फारसे कामाला येत नाहीत.

ही सवय तशी नवी आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, डाटा स्वस्त झाला आणि स्मार्टफोन खेड्यातल्या घराघरांत पोहोचला. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि अभ्यासच मोबाइलवर आला. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा भरायला डिसेंबर २०२१ उजाडला. त्या काळात ज्या हातांनी पाटी धरायची, त्यांनी मोबाइल धरला. शाळा सुरू झाल्या तरी गृहपाठ व्हॉट्सॲपच्या गटावर येत राहिला आणि ‘अभ्यासासाठी पाहिजे’ हे कारण घरात कायमचे मुक्कामाला आले. त्यातले खरे-खोटे किती, याचा अंदाज ‘असर’ या देशभरातील ग्रामीण सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालावरून येतो. १४ ते १६ वर्षांच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांहून अधिक जणांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्याआधीच्या आठवड्यात शिक्षणासाठी त्याचा वापर केल्याचे सुमारे ५७ टक्क्यांनी सांगितले, तर समाजमाध्यमांसाठी वापरल्याचे सुमारे ७६ टक्क्यांनी.

किती वेळ चालतो

जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मर्यादा सांगितली. दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नकोच. दोन ते चार या वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास आणि तोही जितका कमी तितका चांगला. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनाही याच धर्तीच्या आहेत: दोन वर्षांपर्यंत शून्य, दोन ते पाच वर्षे मोठ्यांच्या देखरेखीखाली कमाल एक तास, पाच ते दहा वर्षे दोन तासांपेक्षा कमी. दहाच्या पुढे ठरावीक आकडा नाही. झोप, व्यायाम, अभ्यास, घरातला वेळ आणि मित्र यांतले काही बुडू नये, एवढीच अट आहे. पुण्या-मुंबईत कामाला गेलेल्या बाबांशी किंवा मावशीशी व्हिडिओ कॉलवर बोलणे यात मोजले जात नाही, कारण त्यात समोरून उत्तर देणारे माणूस असते.

शाळा बंद असतानाही केंद्र सरकारने जुलै २०२० मध्ये ऑनलाइन वर्गांना मर्यादा घातली होती. पूर्वप्राथमिकसाठी दिवसाला तीस मिनिटे आणि आठवीपर्यंत ३० ते ४५ मिनिटांची दोन सत्रे. शिकवण्यासाठीसुद्धा ज्या वयाला एवढेच पुरे म्हटले गेले, त्या वयाचे मूल करमणुकीसाठी तीन-चार तास मोबाइलसमोर बसत असेल, तर ते नक्कीच जास्त आहे.

बोलणे, जेवण आणि राग

सर्वांत मोठे नुकसान सर्वांत लहान मुलांचे होते. पहिल्या तीन वर्षांत मूल भाषा शिकते ती देवाणघेवाणीतून. लेकरू ‘बा’ म्हणते, आजी ‘बाबा वावरात गेला रे’ म्हणते, लेकरू दाराकडे बोट करते, आजी पुन्हा काहीतरी बोलते. अशा शेकडो उलटसुलट बोलण्यांतून शब्द पक्के होतात. मोबाइलमधले गाणे मुलाने ‘बा’ म्हटले काय आणि न म्हटले काय, आपल्याच गतीने पुढे जाते. त्यामुळे इंग्रजी बालगीते आणि रंगांची नावे घडाघडा म्हणणारे दोन वर्षांचे मूल ‘पाणी दे’ एवढे मात्र सांगू शकत नाही, असे चित्र दिसते. आई-बापांना आधी कौतुक वाटते; अंगणवाडीत गेल्यावर काळजी सुरू होते. घरात दिवसभर चालू असलेला टीव्हीही असाच नडतो. मूल पाहत नसले तरी मोठी माणसे त्यात गुंततात आणि त्यांचे मुलाशी बोलणे कमी होते.

जेवणाची सवय जवळून पाहण्यासारखी आहे. पाण्याच्या तांब्याला टेकवून मोबाइल उभा केलेला असतो. दीड वर्षाच्या लेकराची नजर त्यावर खिळलेली. घास ओठाजवळ आला की तोंड उघडते, घास आत जातो, ते चावणे विसरते, गालात धरून ठेवते. व्हिडिओ संपला की रडू. दुसरा लागला की पुन्हा तोंड उघडते. वाटी रिकामी होते आणि आईला हायसे वाटते. पण त्या लेकराने काय खाल्ले, त्याची चव कशी होती, पोट कधी भरले, यातले काहीच त्याला कळलेले नसते. भूक आणि तृप्ती ओळखणे ही शिकण्याची गोष्ट आहे. ती शिकायची राहिली, की काही मुले गरजेपेक्षा जास्त खातात आणि काही मोबाइलशिवाय घासच घेत नाहीत.

रडणे थांबवण्यासाठी मोबाइल देण्याचे नुकसान उशिरा दिसते. पडल्यावर, रुसल्यावर, कंटाळा आल्यावर मन हळूहळू शांत कसे करायचे, हे मूल मोठ्यांच्या कुशीत शिकते. प्रत्येक रडण्यावर मोबाइल मिळाला, तर ते शिकणे खुंटते आणि हट्ट वाढत जातो. ‘पोरगं लईच चिडकं झालंय’ ही तक्रार करणाऱ्या घराने त्याला शांत करण्याचा रोजचा उपाय कोणता, हे आधी तपासावे.

इथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. मोबाइलमुळे मुलाला ‘स्वमग्नता झाली’ असे आजकाल सर्रास बोलले जाते. स्वमग्नता ही मेंदूच्या विकासाशी निगडित, बहुतांशी जन्मापासूनची अवस्था आहे. स्क्रीन पाहिल्याने ती जडते असे सिद्ध झालेले नाही. मात्र स्क्रीनच्या अतिरेकाने बोलणे लांबू शकते आणि उलट बाजूने, मुळात स्वमग्न असलेले मूल माणसांपेक्षा स्क्रीनकडे जास्त ओढले जाऊ शकते. त्यामुळे आईला दोष देऊन मोकळे होणे जितके चूक, तितकेच ‘मोबाइल बंद केला की होईल नीट’ म्हणून तपासणी टाळणे चूक. मोबाइल बंद करावाच आणि तपासणीही करून घ्यावी.

डोळे

लांबचे न दिसणे, म्हणजे लघुदृष्टी, हा शाळकरी वयातला मोठा दोष. यात डोळ्याचा गोळा किंचित लांबट वाढतो आणि दूरच्या वस्तूची प्रतिमा पडद्याच्या अलीकडे पडते. एकदा वाढलेला गोळा परत आखूड होत नाही, म्हणून चष्म्याचा नंबर पुढे कमी होण्याची आशा धरता येत नाही. आई-वडिलांना चष्मा असणे हे एक कारण. तासन्तास जवळचे पाहणे हे दुसरे. आणि उघड्यावर कमी वेळ घालवणे हे तिसरे. तिसरे कारण पालकांच्या सर्वांत जास्त हातात आहे. दिवसाच्या भरपूर उजेडात डोळ्याच्या पडद्यातून डोपामीन हे द्रव्य स्रवते आणि गोळ्याची अवाजवी वाढ त्यामुळे रोखली जाते, असे मानले जाते. लिंबाच्या सावलीतला उजेडसुद्धा घरातल्या ट्यूबलाइटच्या कित्येक पट असतो. तैवानने २०१० मध्ये शाळकरी मुलांना रोज १२० मिनिटे उघड्यावर ठेवण्याची मोहीम हाती घेतली आणि वर्षानुवर्षे वाढत चाललेले कमी दिसणाऱ्या मुलांचे प्रमाण त्यानंतर उतरू लागले. जाफराबादेत उघड्या जागेची ददात नाही. मुलांना तिथे पाठवणे तेवढे बाकी आहे.

स्क्रीन पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते, त्यामुळे डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, लाल होतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद तरी वीस फूट लांब पाहावे, हा सोपा नियम मोठ्या मुलांना पाळता येतो. मूल डोळे बारीक करून फळा पाहत असेल, टीव्हीच्या अगदी पुढे जाऊन बसत असेल, वही नाकाजवळ धरत असेल किंवा त्याचे डोके वारंवार दुखत असेल, तर तपासणी लांबवू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत आणि शाळेत मुले तपासायला येतात; त्या दिवशी मूल गैरहजर राहू नये. जालन्याचे श्री गणपती नेत्रालय तर मराठवाड्याबाहेरच्या रुग्णांनाही माहीत असलेले रुग्णालय आहे.

झोप

अंधार पडला की मेंदूतून मेलाटोनिन हे संप्रेरक पाझरू लागते आणि शरीर झोपेच्या तयारीला लागते. डोळ्यांसमोर धरलेला उजेड ही तयारी पुढे ढकलतो आणि लहान मुलांवर त्याचा परिणाम मोठ्यांपेक्षा जास्त होतो. उजेडाहून वाईट असते ती रीलची न संपणारी रांग. एक रील संपते आणि अंगठा आपोआप पुढची आणतो. थांबण्याची जागाच त्यात ठेवलेली नसते. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून १० ते १३ तास, सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास आणि त्यापुढे अठरापर्यंत ८ ते १० तास झोप हवी. पाचवीतले मूल रात्री बारापर्यंत जागे राहून सकाळी साडेसहाला उठत असेल, तर त्याची रोज किमान अडीच तासांची झोप बुडते. मग वर्गात पेंग येते, पाढे लक्षात राहत नाहीत, क्षुल्लक कारणावरून भांडण होते आणि शिक्षक म्हणतात, लक्ष नाही.

मुलांची झोप अपुरी राहते हे शासनानेही मान्य केले. पूर्वप्राथमिक ते चौथीच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला. शाळेने सोडलेला हा वेळ रात्री मोबाइलकडे जाणार नाही, एवढे पाहणे घराच्या हातात आहे.

अभ्यास, शरीर, पैसा

सारखा बदलणारा आवाज आणि चित्र यांची सवय लागलेल्या मुलाला धडा संथ वाटतो. याचा अर्थ त्याचा मेंदू बिघडला असा नाही. त्याला कंटाळा सोसण्याचा सराव राहिलेला नसतो आणि सरावाने तो परत येतो. या विषयावरची बरीच संशोधने ‘जास्त स्क्रीन आणि अमुक त्रास एकत्र दिसतात’ एवढेच सांगतात. एकामुळेच दुसरे झाले, असे दरवेळी म्हणता येत नाही. म्हणून भीती घालणाऱ्या चित्रफितींवर फार विश्वास ठेवू नये. झोप, बोलणे, डोळे आणि हालचाल या चार बाबतींत मात्र पुरावा पुरेसा भक्कम आहे. बसून राहण्याने वजन वाढते, वाकून पाहण्याने मान आणि पाठ दुखते, हे वेगळे सांगायला नको.

पैशांचा धोका अलीकडचा आहे. घरात एकच फोन असतो. त्यातच बाजार समितीच्या पट्टीचे पैसे जमा झाल्याचा मेसेज येतो, त्यातच यूपीआय असते आणि त्यावरच मुलगा गेम खेळतो. गेममधली हत्यारे, हिरे, कपडे विकत घ्यायला लावणारी बटणे मुद्दाम समोर ठेवलेली असतात. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने बंदी आणली आहे, तरी फसव्या लिंक येतच राहतात. यूपीआयचा पिन मुलाला कधीही सांगू नये, ॲपला वेगळे कुलूप लावावे आणि पैसे गेलेच, तर मुलाला मारत बसण्याआधी १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. तिथे पहिले काही तास मोलाचे असतात. खेळता खेळता अनोळखी माणूस फोटो मागतो, भेटायला बोलावतो किंवा धमकावतो, असेही घडते. ‘तू काहीही सांगितलेस तरी फोन काढून घेणार नाही, मारणार नाही’ हे मुलाला आधीच सांगून ठेवावे. ज्या घरात मार ठरलेला असतो, तिथे मूल असले काही सांगत नाही.

घरात काय करावे

पहिला नियम मोठ्यांना लागू होतो. जेवताना वडील रिल्स पाहत असतील, तर मुलाला मोबाइल ठेव म्हणण्याचा अधिकार उरत नाही आणि मुलाला हे बरोबर कळते. त्यामुळे नियम मुलाला लावू नयेत, घराला लावावेत. तीन नियम पुरेसे आहेत: जेवताना कोणाच्याही हातात फोन नाही, रात्री ठरलेल्या वेळेनंतर सगळे फोन स्वयंपाकघरात किंवा देवळीत एका जागी चार्जिंगला, आणि दोन वर्षांखालच्या लेकराला फोन नाहीच. याहून जास्त नियम केले, तर त्यातला एकही पाळला जात नाही. तातडीच्या फोनसाठी आवाज चालू ठेवला की झाले.

सवय लागलेल्या मुलाचा मोबाइल एकदम हिसकावून घेऊ नये. मोठ्या मुलाशी आधी बोलावे, वेळ त्याच्यासोबत ठरवावी आणि दर तीन-चार दिवसांनी थोडी कमी करत जावी. ‘पाच मिनिटांनी बंद’ असे आधी सांगावे. ‘हा भाग संपला की’ असे म्हटले तर मुलाला ते आणखी सोपे जाते. यूट्यूबमधले आपोआप पुढचा व्हिडिओ लावणारे ऑटोप्ले बंद करावे. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये डिजिटल वेलबीइंग असते, त्यात कोणत्या ॲपवर किती वेळ गेला ते दिसते आणि मर्यादाही घालता येते. मुलाचा स्वतंत्र फोन असेल, तर गुगलचे फॅमिली लिंक बसवता येते. पण कुलपे घालून भागेल या भ्रमात राहू नये. सातवीतल्या मुलाला घरातल्या सगळ्यांचे पॅटर्न पाठ असतात.

दोन-तीन वर्षांच्या लेकराच्या बाबतीत मात्र हळूहळू कमी करण्यापेक्षा एकदाच थांबवणे सोपे पडते. पहिले काही दिवस कठीण जातात. लेकरू लोळण घेते, जेवत नाही, रात्री किरकिर करते. त्या दिवसांत घरातल्या सर्वांचे एकमत हवे. आई नाही म्हणते आणि आजोबा हळूच देतात, असे झाले की मूल एवढेच शिकते, की अजून थोडे रडावे लागते. लेकरू रडताना त्याच्याजवळ बसावे, रागावू नये, समजावत बसू नये, फोन मात्र देऊ नये. एक वेळ कमी जेवले म्हणून निरोगी मूल आजारी पडत नाही. भूक लागली की ते खाते. घरातल्या सगळ्यांसोबत ताटावर बसवून त्याच्या हाताने खाऊ द्यावे. सांडू द्यावे. वेचणी ऐन भरात असताना हा बदल करायला घेऊ नये. काम थोडे मोकळे असेल, आई किंवा बाप आठवडाभर घरी राहू शकेल, असे दिवस निवडावेत.

मोबाइल काढला की रिकामा झालेला वेळ कशाने तरी भरावा लागतो आणि बहुतेक घरे इथेच हरतात. महागडी खेळणी लागत नाहीत. शेंगा फोडणे, मटार सोलणे, धान्यातले खडे वेचणे, कणकेच्या गोळ्यांची चित्रे, पाण्याची बादली आणि दोन वाट्या, जुन्या साडीची झोळी यांत लहान मूल बराच वेळ रमते. आजीला पळणे होत नसले तरी बोलणे होते आणि या वयाला बोलणेच सर्वांत जास्त हवे असते. तिच्या गोष्टी, ओव्या, नातेवाइकांची नावे, कोणाची म्हैस व्याली आणि कोणाच्या विहिरीला पाणी लागले, हे सगळे ऐकून लेकराचा शब्दसाठा वाढतो. अंगणवाडीत नियमित पाठवणे हाही मोठा उपाय आहे. तीन वर्षांनंतरच्या मुलाला तिथे सवंगडी मिळतात आणि आजीला दोन-तीन तास मोकळे.

शाळकरी मुलांसाठी लगोरी, लंगडी, विटीदांडू, सूरपारंब्या, सागरगोटे हे खेळ संपलेले नाहीत, ते शिकवणारे कमी झाले आहेत. एखाद्या काकाने आठवडाभर संध्याकाळी पोरांसोबत विटीदांडू खेळला, तर पुढे त्याची गरज उरत नाही. उन्हाळ्याची सुटी हा खरा कसोटीचा काळ. मे महिन्यात दुपारी बाहेर सोडता येत नाही आणि त्या पाच-सहा तासांतच मोबाइल घरात राज्य करतो. त्यामुळे खेळ सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर ठेवावा आणि दुपारसाठी आधीच तजवीज करावी: पत्ते, बुद्धिबळ, चित्रकला, शिवणकाम, शाळेतून सुटीपुरती मागून आणलेली पुस्तके. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आहे आणि त्याची किंमत आजही सामान्य घराला परवडणारी आहे. चार घरांनी मिळून एक अंक घेतला तरी चालतो.

दहावी-बारावीच्या मुलांचा प्रश्न निराळा आहे. त्यांना यूट्यूबवरचे तास, जुन्या प्रश्नपत्रिका आणि प्रवेशाची माहिती खरोखर लागते. खेड्यात शिकवणीची सोय नसेल, तर मोबाइलच त्यांची शिकवणी होतो. त्यांचा फोन बंद करण्यापेक्षा त्याची जागा ठरवावी. अभ्यासाचा व्हिडिओ ओसरीवर किंवा घरातल्या सगळ्यांच्या समोर पाहावा, आधी विषय ठरवून पाहावा, नोटिफिकेशन बंद ठेवावे आणि झोपताना फोन उशाशी नसावा.

याच वयात अनेक घरांत एक अन्याय होतो. मर्यादेच्या नावाखाली मुलीचा फोन काढून घेतला जातो आणि मुलगा मात्र पारावर रात्री अकरापर्यंत गेम खेळत बसतो. ‘असर’च्या २०२४ च्या अहवालात स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी सुमारे ३६ टक्के मुलग्यांकडे आणि सुमारे २७ टक्के मुलींकडे स्वतःचा फोन होता. मुलीला आधीच कमी मिळते. नियम दोघांना एकच असावा, कारण झोप आणि डोळे दोघांनाही सारखेच आहेत.

गावाने एकत्र ठरवले तर

एका घराने फोन बंद केला आणि शेजारच्या घरात तो चालू असला, की मूल शेजारी जाऊन बसते. म्हणून काही गावांनी हा विषय ग्रामसभेत नेला. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास ठरवले, की रोज संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत घराघरांतले टीव्ही आणि मोबाइल बंद राहतील. तेव्हाचे सरपंच विजय मोहिते यांनी पुढाकार घेतला आणि ग्रामसभेत महिलांनी तो उचलून धरला. सुरुवातीला आशा कार्यकर्त्या, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघरी फिरून आठवण करून देत. पुढे सीमाभागात बेळगावजवळच्या हलगा गावाने, सांगली जिल्ह्यातले उदाहरण पाहून, डिसेंबर २०२४ मध्ये सात ते नऊ असा वेळ पाळायला सुरुवात केली.

यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये वेगळी वाट धरली: अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदी. तळमळ दोन्हीकडे सारखीच आहे. पण वडगावची रीत अधिक टिकाऊ वाटते, कारण त्यात मोठ्यांचाही मोबाइल बंद होतो आणि मनाई दिवसभराची नसून दीड तासाची आहे. पूर्ण बंदी मोडायला सोपी असते. ठरलेला दीड तास पाळता येतो, मोजता येतो आणि त्या वेळात अभ्यास, वाचन आणि जेवण उरकते.

जाफराबाद तालुक्यातल्या गावांना ही रीत जशीच्या तशी उचलण्याची गरज नाही. इथे बऱ्याच गावांत संध्याकाळी मंदिरात हरिपाठ होतो. तीच वेळ धरली तर वेगळा भोंगाही लागत नाही. मशिदीत, बुद्धविहारातही त्या वेळी हाच निरोप देता यावा, म्हणजे नियम साऱ्या गावाचा होतो. कामाच्या हंगामात बायका वावरातून उशिरा येतात, त्यामुळे सातऐवजी आठची वेळ बरी पडेल. ठराव ग्रामसभेत मांडावा. त्याआधी शाळा व्यवस्थापन समितीत चर्चा करावी, कारण तिथे पालक आणि शिक्षक एकत्र बसतात. त्याच बैठकीत शिक्षकांनाही एक विनंती करता येईल: गृहपाठ शक्यतो वहीत द्यावा आणि व्हॉट्सॲपवर द्यायचाच असेल, तर संध्याकाळी सहाच्या आत पाठवावा. दंड ठेवू नये. दंडाने भांडणे होतात आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत ती पुरतात.

डॉक्टरांकडे कधी जावे

वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द बोलत नसेल, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलत नसेल किंवा आधी येत असलेले शब्द विसरले असेल, तर वाट पाहू नये. ‘त्याचा बाप पण उशिरा बोलला’ हे घराघरांत ऐकू येणारे वाक्य अनेक मुलांची मोलाची वर्षे घालवते. आधी ऐकू येते का, हे तपासून घ्यावे. अंगणवाडीताई किंवा आशाताईंना सांगावे, जाफराबादच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवावे. तिथून गरजेप्रमाणे जालन्याच्या जिल्हा रुग्णालयात पाठवतात.

मोठ्या मुलांबाबत खेळाचे व्यसन कशाला म्हणायचे, हे जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या नव्या वर्गीकरणात स्पष्ट केले आहे. ते जानेवारी २०२२ पासून लागू आहे. खेळण्यावर ताबा न राहणे, बाकी सगळ्यापेक्षा खेळ महत्त्वाचा होणे आणि नुकसान दिसत असूनही खेळ सुरूच राहणे, या तिन्ही गोष्टी साधारणपणे वर्षभर दिसल्या आणि त्यामुळे घर, शाळा, मैत्री यांवर ठळक परिणाम झाला, तर तो आजार समजावा. सुटीत चार दिवस खेळत बसलेला मुलगा व्यसनी नव्हे. पण फोन काढून घेतल्यावर जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा करणारे, शाळा सोडून खेळणारे किंवा घरातले पैसे चोरणारे मूल असेल, तर वर्षभर थांबायचे नाही. ती धमकी ‘नाटक’ समजू नये, त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी मदत मागावी.

शासनाच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो दिवसरात्र चालू असतो, त्याला पैसे पडत नाहीत आणि तिथे समुपदेशकाशी मराठीतून बोलता येते. मुलाला कोणी धमकावत किंवा छळत असेल, तर बालकांसाठीची मदतवाहिनी १०९८ आहे. हे दोन्ही क्रमांक मुलांनाही पाठ करून द्यावेत.